लँकेस्टर बॉम्बरचं १/७२ मॉडेल: जोडणी आणि रंगकामाचा खरा क्रम

चार इंजिनांच्या बॉम्बरचं मॉडेल बिघडतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. किटमधलं सूचनापत्रक जोडणीचा क्रम सांगतं. कोणता भाग आधी रंगवायचा आणि कोणता शेवटपर्यंत डबीत ठेवायचा, हे त्यात जवळजवळ नसतंच. पत्रकातले आकडे पाळत गेलं की मध्येच कुठेतरी टरेट (बंदुकांचे फिरते घुमट) बसतात, पुढे चाकं लागतात, आणि एअरब्रश हातात घेईपर्यंत दोन बंदुका मोडलेल्या असतात. चाकांच्या खोबणीत फवारा पोचत नाही आणि कॅनॉपीच्या (वैमानिकावरच्या काचेच्या छताच्या) आत धूळ अडकलेली दिसते.

इथे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बर ॲव्रो लँकेस्टर धरलं आहे. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ३१.०९ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये ४३२ मि.मी. लांबी साधारण २९३ मि.मी. भरते. एवढं मॉडेल एका हातात धरून रंगवता येत नाही, ही गोष्ट सुरुवातीपासून लक्षात ठेवा. प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हा भाग चिकटवला तर कुठली जागा बंद होणार?

१. आधी विमान ठरवा, मग डबा उघडा

‘लँकेस्टर’ एवढं ठरवून भागत नाही. कोणत्या स्क्वाड्रनचं, कोणत्या नोंदणी क्रमांकाचं आणि कोणत्या महिन्यातलं, हे ठरलं पाहिजे, कारण त्यावर भाग बदलतात. मार्क १ आणि मार्क ३ ला मर्लिन इंजिनं होती आणि ही दोन बाहेरून जवळपास सारखीच दिसतात. मार्क २ ला ब्रिस्टल हर्क्युलिस ही गोल, हवेने थंड होणारी इंजिनं होती. त्याची आवरणं पूर्ण वेगळी, त्यामुळे मर्लिनच्या किटमधून मार्क २ होत नाही. मे १९४३ मध्ये जर्मनीतल्या धरणांवर गेलेल्या ६१७ स्क्वाड्रनच्या विमानांना पाठीवरचा टरेट नव्हता आणि बॉम्बची दारंही काढलेली होती. साध्या किटवर फक्त ‘एजे-जी’ ही अक्षरं चिकटवून ते विमान तयार होत नाही. ही चूक इतकी सर्रास दिसते की मॉडेल पाहणारा आधी पोटच बघतो.

एकाच विमानातही काळानुसार फरक पडतो. लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये असलेलं आर५८६८ आधी ८३ स्क्वाड्रनमध्ये ‘ओएल-क्यू’ होतं, नंतर ऑस्ट्रेलियाच्या ४६७ स्क्वाड्रनमध्ये ‘पीओ-एस’ झालं. नाकावरच्या बॉम्बच्या खुणा तर मोहिमेगणिक वाढत गेल्या. एका काळाची अक्षरं आणि दुसऱ्या काळाच्या खुणा एकत्र लावल्या तर असं विमान कधीच अस्तित्वात नव्हतं.

संदर्भासाठी फोटो पाहताना पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या:

- धडाच्या बाजूची छोट्या खिडक्यांची रांग. सुरुवातीच्या विमानांत ती दिसते, पुढे खिडक्या रंगाने झाकल्या गेल्या किंवा आल्याच नाहीत.
- प्रोपेलरची पाती निमुळती आहेत की रुंद.
- बॉम्बची दारं सपाट आहेत की फुगीर.
- टरेट किती आणि कोणते.
- अक्षरांचा आकार आणि जागा.

सावधान: आज उडणारी दोनच लँकेस्टर आहेत, ब्रिटनमधलं पीए४७४ आणि कॅनडातलं एफएम२१३. त्यांचे रंगीत फोटो मोहात पाडतात. रिव्हेट, चाकांचे पाय, नळ्या यांच्यासाठी ते खुशाल वापरा. अँटेना, आतली उपकरणं आणि रंगाची चमक मात्र आजची आहे. युद्धकाळातलं मॉडेल करायचं तर काळ्या-पांढऱ्या फोटोंना पर्याय नाही.

२. साहित्य: थोडं, पण नेमकं

सपाट धारेचा निपर, ११ नंबरचं ब्लेड, टोकदार चिमटा. वॉटर पेपर ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचा. ब्रशच्या झाकणाचं पातळ मॉडेल सिमेंट, मध्यम घट्ट सुपरग्लू आणि पांढरा पीव्हीए गोंद, हे तिन्ही हवेत, कारण तिघांची कामं वेगळी आहेत. पातळ सिमेंट पॉलिस्टायरिन वितळवून दोन भाग एकजीव करतं. सुपरग्लू फटी भरतो आणि धातू चिकटवतो. पारदर्शक भाग पीव्हीएनेच लावायचे.

६ आणि १० मि.मी.चा मास्किंग टेप, ०.३ मि.मी. नोझलचा एअरब्रश आणि दाब नियंत्रित करता येईल असा कॉम्प्रेसर. मोठ्या पृष्ठभागाला १८ ते २० पीएसआय, कॅमोफ्लाजच्या कडांना १२ ते १५ पुरतो.

रंगांच्या बाबतीत एक नियम मोडू नका. लॅकरवर ॲक्रिलिक चालतं, ॲक्रिलिकवर इनॅमल आणि ऑइल चालतात. उलट करायला गेलं तर वरचा थर खालच्याला सुरकुत्या पाडतो. म्हणून मूळ रंग ॲक्रिलिक किंवा लॅकर ठेवा आणि वॉश (रेषांत सोडायचा पातळ रंग) इनॅमलचा किंवा ऑइलचा घ्या. फवारणी करताना खिडकी उघडी, तोंडावर रसायनांच्या वाफांसाठीचा फिल्टर असलेला मास्क, आणि जवळपास ज्योत नको. साधा कापडी मास्क वाफा अडवत नाही.

३. धुणं, कापणं, घासणं

साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून लावलेला तेलकट पदार्थ भागांवर राहतो. त्यावर रंग धरत नाही, टेप काढताना सालपटासारखा निघतो. भाग स्प्रूवर (ज्या प्लास्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात तिच्यावर) असतानाच कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा आणि रात्रभर वाळू द्या. पाणी गरम नको, पंखासारखे लांब पातळ भाग वाकतात.

भाग कापताना दोन घाव घाला. पहिला भागापासून २ ते ३ मि.मी. लांब, दुसरा जवळ. एकदम जवळून कापलं की प्लास्टिकवर ताण येऊन पांढरा डाग पडतो, कधी भागाचा तुकडाही निघतो. उरलेला उंचवटा ब्लेडने सोला आणि ६०० नंबरने सपाट करा.

जे भाग चिकटवायचे नाहीत ते स्प्रूवरच राहू द्या. वीस छोटे भाग एकदम मोकळे केले की एखादा हरवतोच, आणि तो नेमका चाकाच्या पायाचा असतो.

४. कामाचे गट पाडा

सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा हीच. पत्रक समोर ठेवून प्रत्येक पायरीला एक अक्षर द्या. ‘आ’ म्हणजे आत बंद होणारं, ते आधी पूर्ण रंगवून घ्यायचं. ‘स’ म्हणजे सांगाडा, तो जोडून एकत्र रंगवायचा. ‘वे’ म्हणजे वेगळं रंगवून शेवटी लावायचं.

‘आ’ मध्ये येतं कॉकपिट, नाकातली बॉम्ब टाकणाऱ्याची जागा, बॉम्ब-बेचं (पोटातल्या बॉम्बच्या जागेचं) छत, धडाच्या खिडक्यांची आतली बाजू आणि शेपटीच्या चाकाची जागा. ‘स’ मध्ये धड, पंख, चारही इंजिनांची आवरणं, आडवी शेपटी आणि उभे फिन (शेपटीच्या टोकांचे उभे पंख). ‘वे’ मध्ये तिन्ही टरेट, बंदुका, प्रोपेलर, चाकं, चाकांची दारं, बॉम्बची दारं, एक्झॉस्टची आवरणं आणि अँटेना.

कुरबूर होते ती चाकांच्या पायांवर. बऱ्याच किटमध्ये मुख्य पाय आतल्या इंजिनाच्या आवरणाचे दोन अर्धे बंद करताना मध्ये अडकवायला सांगितलेले असतात. तसं केलं तर पुढचा महिनाभर ते पाय बाहेर लोंबत राहतात आणि तुटतात. आवरण बंद करण्याआधी पाय कोरडा बसवून बघा. पायाच्या वरच्या खुंट्या थोड्या घासून तो नंतर खालून ढकलून बसवता येतो का, हे आत्ताच शोधा. येत असेल तर पाय ‘वे’ मध्ये टाका. येत नसेल तर पाय लावा, पण स्पंजमध्ये गुंडाळून ठेवा.

नाकाखाली चाक असलेली बॉम्बर, उदाहरणार्थ बी-२४ किंवा बी-२५, करत असाल तर याच टप्प्यावर नाकात शिशाच्या गोळ्या भरायच्या असतात, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसतं. लँकेस्टर मुळातच शेपटीच्या चाकावर टेकतं, त्याला वजनाची गरज नाही.

५. आतला भाग

ब्रिटिश विमानांचा आतला राखाडी-हिरवा रंग मूळ धरा. आसनपट्ट्या, उपकरणांचा काळा फलक आणि त्यावर कोरड्या ब्रशने ओढलेला फिका राखाडी एवढं पुरेसं आहे. कॅनॉपी मोठी असली तरी आतलं फारसं दिसत नाही. रेडिओ आणि नॅव्हिगेटरची टेबलं तर धड बंद झाल्यावर जवळपास गायब होतात. तिथे आठवडा घालवण्यापेक्षा तो बॉम्ब-बेला द्या.

कारण बॉम्ब-बे दिसतो. खऱ्या विमानात तो सुमारे १० मीटर लांब होता, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण १४० मि.मी., आणि मध्ये एकही आडवी भिंत नाही. दारं उघडी ठेवणार असाल तर बॉम्ब आत्ताच ठरवा. ४००० पौंडी ‘कुकी’ हा सरळसोट नळकांड्यासारखा बॉम्ब आणि त्याच्याभोवती आगलाव्या काड्यांच्या चौकोनी पेट्या, हा रात्रीच्या हल्ल्यांतला नेहमीचा भार. बॉम्ब गडद हिरवा, नाकाशी लाल पट्टा. सगळे बॉम्ब काळे रंगवण्याची सवय सोडा.

धडाच्या छोट्या खिडक्या आतून लावायच्या असतात आणि त्या लावायला विसरण्यापेक्षा वाईट म्हणजे अर्धवट चिकटवणं. रंगवताना बोटाचा दाब पडतो, खिडकी आत गळते आणि बंद धडात ती खुळखुळत राहते. त्यापेक्षा खिडक्या लावूच नका. शेवटी टूथपिकवर घट्ट पीव्हीए घेऊन भोकाच्या कडेने फिरवा, मग मध्ये ओढा. साबणाच्या फुग्यासारखा पडदा तयार होतो, काही तासांत वाळून पारदर्शक होतो. ३ ते ४ मि.मी.च्या भोकापर्यंत हे नीट जमतं.

तपासा: धडाचे दोन्ही अर्धे टेपने बांधा आणि कॉकपिटचा तळ, बॉम्ब-बेचं छत, पंखांचे आडवे वासे आत असताना फट कुठे राहते ते बघा. फट राहत असेल तर आतला कुठला तरी भाग एका केसाने मोठा आहे. तो घासा. चिमटा लावून बळाने फट बंद केली तर आठवड्याभराने सांधा उघडतोच.

६. धड बंद करणं

दोन्ही अर्धे टेपने जुळवून धरा आणि पातळ सिमेंटचा ब्रश फक्त सांध्याला टेकवा. द्रव आपोआप सांध्यात पळतो. ३ ते ४ सें.मी. लावा, १० सेकंद दाबा, पुढे सरका. दाबल्यावर सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ वर आली तर काम चोख झालं. तीच रेघ वाळल्यावर घासून काढली की पुट्टी लागत नाही.

सावधान: टेपच्या खाली सिमेंट पळालं तर बोटाचा ठसा किंवा टेपची कड प्लास्टिकमध्ये कायमची उमटते. जिथे सिमेंट लावायचं तिथून टेप ५ मि.मी. लांब ठेवा.

२४ तासांआधी घासू नका. सिमेंटने मऊ झालेलं प्लास्टिक वरून कडक वाटतं, आत ओलं असतं. घाईने घासलं तर पुढे ते आकसतं आणि रंगाखाली खाच उमटते. रंगवल्यानंतर दोन आठवड्यांनी ‘भुतासारखा’ परत आलेला सांधा म्हणतात तो हाच.

घासताना ४०० ने सुरू करा आणि १००० वर थांबा. प्रत्येक नंबरचं काम आधीच्या नंबरचे ओरखडे घालवणं एवढंच. १/७२ मध्ये ०.१ मि.मी. खोल ओरखडा म्हणजे खऱ्या विमानावर ७ मि.मी.ची चर, हे प्रमाण डोक्यात ठेवलं की आळस येत नाही. घासताना पुसलेल्या पॅनेलच्या रेषा लगेच कोरून घ्या: जाड लेबल-टेपचा तुकडा पट्टी म्हणून चिकटवा, सुईने हलक्या हाताने तीन-चार वेळा ओढा. एकाच दमात जोर लावला की सुई रेषा सोडून पळते.

७. पंख, इंजिनं, शेपटी: सगळं सरळ बसवणं

लँकेस्टरच्या पंखाचा मधला भाग सपाट आहे. आतल्या इंजिनांच्या बाहेरून पंख वर उचललेला आहे. आडवी शेपटी पूर्ण सपाट, आणि तिच्या टोकांना दोन उभे फिन. या तीन गोष्टींपैकी एक जरी चुकली तरी मॉडेल दुरूनच वाकडं दिसतं, कितीही चांगलं रंगवलेलं असो.

पंख लावल्यावर धड सपाट टेबलावर पुस्तकांच्या आधाराने स्थिर करा. दोन्ही टोकांची टेबलापासूनची उंची मोजा. फरक १ मि.मी.च्या आत हवा. टोकाखाली काडेपेट्या रचून आधार द्या आणि रात्रभर हात लावू नका.

आवरणं लावताना एक बारकी गंमत आहे. चारही आवरणं सारखी वाटतात, पण आतल्या दोघांत चाकं जातात आणि बाहेरच्या दोघांत नाहीत. डावी-उजवी अदलाबदल केली तरी ती बसल्यासारखी वाटतात, फक्त पंखाशी कुठेतरी अर्धा मि.मी. फट राहते. पुट्टी भरण्याआधी भागाचा नंबर पुन्हा बघा.

शेपटी आलेखाच्या कागदावर लावा. विमानाची मधली रेषा कागदावरच्या रेषेवर धरली की आडवी शेपटी दोन्ही बाजूंना समान जाते की नाही ते दिसतं. फिनसाठी जाड पुठ्ठ्याचा काटकोन कापा आणि तो वाळेपर्यंत टेकवून ठेवा. मागून पाहिलं तर दोन्ही फिन एकमेकांना समांतर असले पाहिजेत.

८. पारदर्शक भाग आणि मास्किंग

सुपरग्लूच्या वाफा काचेवर पांढरी धुकट साय धरतात. सिमेंट उडालं तर काच कायमची डागाळते. म्हणून कॅनॉपी आणि नाकाचा फुगा पीव्हीएने, आणि भाग आधी ॲक्रिलिक ग्लॉस वार्निशमध्ये बुडवून वाळवलेला असावा.

लँकेस्टरच्या कॅनॉपीच्या चौकटी खूप आहेत. तयार कापलेली मास्क मिळत असतील तर घ्या, नसतील तर १० मि.मी.चा टेप काचेवर पसरून दाबा, टूथपिकने चौकटीच्या कडेत बसवा आणि नव्या ब्लेडने कडेवरून कापा. नवं ब्लेड म्हणजे खरंच नवं. बोथट ब्लेड टेप कापत नाही, ओढतं.

चौकटींवर आधी आतला रंग फवारा, मग प्रायमर (रंगाखालचा थर), मग बाहेरचा रंग. काचेतून पाहिलं की चौकटीची आतली बाजू आतल्याच रंगाची दिसते. हा टप्पा गाळला तर आतून बाहेरचा रंग दिसतो आणि कॉकपिटवर घातलेली मेहनत वाया जाते.

टरेट आत्ता लावायचे नाहीत. त्यांच्या भोकांत ओल्या टिश्यूचे बोळे कोंबा, बॉम्ब-बे स्पंजने भरा.

९. प्रायमर म्हणजे तपासणी

राखाडी प्रायमरचे दोन हलके हात द्या. मग टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ आडवी धरून सगळ्या सांध्यांवरून फिरवा. सावली पडली की खाच आहे, चकाकी आली की उंचवटा. पुट्टी, घासणं, तिथेच पुन्हा प्रायमर. बॉम्बरवर ही फेरी तीनदा होते, कमी झाली तर संशय घ्या.

१०. रंग: फिक्यापासून काळ्यापर्यंत

आरएएफच्या रात्रीच्या बॉम्बरचे तीन रंग: वर डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खाली आणि बाजूंनी ‘नाइट’ म्हणजे काळा. काळा रंग धडाच्या बाजूंनी वरपर्यंत चढतो आणि उभे फिन दोन्ही बाजूंनी काळेच असतात. फिनवर कॅमोफ्लाज ओढणं ही नेहमीची चूक.

क्रम असा:

१. डार्क अर्थ सगळ्या वरच्या भागावर. ॲक्रिलिकचं प्रमाण साधारण एक भाग रंग, एक भाग थिनर, दूधासारखं पातळ. ८ ते १० सें.मी. अंतरावरून तीन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतो; अंतर जास्त ठेवलं तर रंग हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो.

२. २४ तासांनंतर डार्क ग्रीनचे पट्टे. इथे प्रमाणाचा हिशोब करा. मॉडेलवरचा १ मि.मी. म्हणजे खऱ्यावर ७२ मि.मी. खऱ्या विमानावर रंगांची कड साधारण एखादा-दुसरा इंच धूसर असली तर मॉडेलवर ती ०.३५ ते ०.७ मि.मी. दिसायला हवी. मोकळ्या हाताने एअरब्रश फिरवला की सहज ३ मि.मी.ची धूसर कड येते, ती वीस सेंटीमीटर ठरते. त्यापेक्षा चिकट पुट्टीचे पेन्सिलएवढे जाड साप लाटा, पत्रकातल्या नकाशाप्रमाणे कडेने ठेवा आणि आतला भाग टेपने झाका. एअरब्रश पृष्ठभागाला काटकोनात धरा. तिरका धरला की रंग सापाखाली शिरतो.

३. आणखी २४ तास. मग वरचा सगळा भाग झाका. सरळ सीमारेषेला ६ मि.मी.चा टेप, बाकीला कागद आणि टेप. टेपच्या कडेवरून आधी डार्क अर्थचाच एक फुसकारा मारा. कुठे गळत असेल तर तीच फट त्याच रंगाने बंद होते आणि काळा आत जात नाही.

४. काळा. थेट डबीतला काळा वापरू नका, तो लहान आकाराला फार गडद दिसतो आणि सगळे तपशील गिळतो. काळ्यात १० ते १५ टक्के मध्यम राखाडी मिसळा. पॅनेलच्या मध्यभागी आणखी थोडा फिका हात दिला की बाजू सपाट दिसत नाही.

टेप काढताना तो स्वतःवरच उलटा दुमडून सावकाश ओढा. रंग उचलला गेला तर तिथे लगेच फवारू नका. २००० नंबरने कड उतरवा, मग हात द्या. नाहीतर पायरी कायम दिसते.

११. ग्लॉस आणि डेकल्स

मॅट रंग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ असतो. त्यावर डेकल (पाण्यात सुटणारं खुणांचं चित्र) लावलं की खाली हवा अडकते आणि चंदेरी चकाकी दिसते, काळ्यावर तर दहापट. म्हणून ग्लॉसचे दोन हात आणि पुन्हा २४ तास.

डेकल कोमट पाण्यात १५ सेकंद बुडवा, बाहेर काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवा. जबरदस्तीने सरकवू नका. सैल झालं की ते स्वतःच सरकतं. डेकल बसवायची दोन द्रावणं लागतात: पृष्ठभागावर आधी मायक्रो सेट, जागेवर बसल्यावर पाणी टिपून वरून मायक्रो सोल. त्यानंतर डेकल सुरकुततं आणि जीव घाबरतो. हात लावू नका, तासाभरात ते बसतं. पॅनेलच्या रेषेवर बुडबुडा राहिला तर सुईने टोचून मायक्रो सोलचा एक थेंब.

खुणा तपासा: पंखावर वरून निळ्या-लाल रंगाची खूण, धडावर पिवळ्या कडेची, आणि पंखाखाली काहीच नाही. पंखाखालच्या मोकळ्या काळ्या जागेवर ‘उरलेली’ खूण लावण्याचा मोह अनेकांना होतो. सांकेतिक अक्षरं आणि नोंदणी क्रमांक मंद लाल. नोंदणी क्रमांकाची उंची खऱ्या विमानावर ८ इंच होती, म्हणजे मॉडेलवर सुमारे २.८ मि.मी.

१२. वॉश, मळ आणि मॅट थर

डेकल्सवर आणखी एक ग्लॉस हात देऊन इनॅमलचा गडद तपकिरी वॉश रेषांत सोडा. २० मिनिटांनी थिनरने जेमतेम ओली केलेली कापूसकाडी हवेच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे, ओढा. काळ्या भागावर गडद वॉश दिसतच नाही, तिथे मध्यम राखाडी वापरा.

मग मॅट थर. तो आर्द्र हवेत फवारला की पांढरा पडतो. पावसाळी दिवस टाळा.

एक्झॉस्टच्या डागांवर इतर सगळ्यापेक्षा जास्त विचार करा. प्रत्येक मर्लिनला दोन्ही बाजूंना एक्झॉस्ट, म्हणजे विमानावर आठ धारा. त्या आवरणाच्या दोन्ही अंगांनी पंखावरून मागे जातात. आधी फार पातळ केलेला गडद तपकिरी, वर अरुंद राखाडी. सगळ्या आठ धारा एकसारख्या करू नका, इंजिनागणिक त्या कमी-जास्त असतात. दोन हातांत संपवा. तिसरा हात द्यावासा वाटला की एअरब्रश धुवायला घ्या. रंगाचे टवके तर आणखी कमी: पंखाच्या मुळाशी, जिथे माणसं चालतात तिथे, आणि इंधनाच्या झाकणांभोवती. ब्रशने न ठोकता स्पंजच्या तुकड्याने टेकवा.

१३. शेवटची जोडणी

प्रोपेलर काळे, टोकं पिवळी. पिवळी टोकं खऱ्यावर ४ इंच, म्हणजे मॉडेलवर १.४ मि.मी. आधी टोकांवर पांढरा, त्यावर पिवळा, मग १.४ मि.मी.ची पट्टी झाकून बाकीचा काळा. उलट क्रमाने, काळ्यावर पिवळा, कितीही हात दिले तरी हिरवटच राहतो.

पाती लावताना दिशा बघा. मर्लिन मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात आणि चारही एकाच दिशेने. पात्याची फुगीर बाजू पुढे येते. सुट्या पात्यांच्या किटमध्ये एखादं उलटं लागतंच, आणि चार प्रोपेलर शेजारी शेजारी असल्यामुळे ते लगेच दिसतं.

चाकांचा तळ ६०० नंबरवर दोनदा घासून किंचित सपाट करा. टन-टन वजनाखाली टायर गोल राहत नाही. दोन्ही मुख्य चाकांच्या पायांना वेगवेगळा सिमेंट-वेळ द्या म्हणजे पहिला वाळताना दुसरा सरळ करता येतो, आणि शेवटी मॉडेल सपाट काचेवर ठेवून समोरून बघा. एका बाजूला झुकलं असेल तर अजून अर्ध्या तासाची संधी आहे.

टरेट सगळ्यात शेवटी. पुढच्यात दोन, पाठीवरच्यात दोन, शेपटीच्यात चार ब्राउनिंग मशीनगन. साच्यातल्या जाड नळ्यांपेक्षा ०.४ मि.मी. बाहेरच्या व्यासाची पोकळ धातूची नळी लावली तर तोंड पोकळ दिसतं. सुपरग्लूचा थेंब टरेटच्या काचेपासून दूर, बंदुकीच्या मुळाशीच.

मास्क काढताना कॅनॉपीच्या चौकटीवर रंगाचा पूल तयार झालेला असतो. आधी ब्लेडच्या टोकाने तो चौकटीच्या कडेने कापा, मग टेप उचला. चिकट राहिलं तर कापूसकाडीवर पाणी आणि साबण, थिनर नाही. मास्क महिनोन्महिने ठेवून देऊ नका, गोंद काचेवर जमतो.

अँटेनाची तार शेवटी, रिकाम्या स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न टेकवता, फिरवत मऊ करून ओढलेली. केसाएवढा धागा निघेपर्यंत दोन-तीन तुकडे वाया जातात. एक टोक फिनवर चिकटवून वाळू द्या, दुसरं दुसऱ्या दिवशी. किंचित सैल राहिली तर उदबत्तीचं विझलेलं, अजून गरम टोक १ सें.मी. अंतरावरून फिरवा, तार ताणून बसते. जवळ नेलं तर ती तुटते आणि पुन्हा स्प्रू ओढावा लागतो.